किल्ली कुरियरने पाठवणाऱ्या घरमालकास

खोट्या घरमालका,

पत्राच्या सुरुवातीला स.न.वि.वि. लिहायची आमच्याकडे रीत आहे. ती मी आज मोडतो आहे. नमस्कार करावा असं तुझ्यापाशी काही नाही, आणि विनंती तर मला तुला मुळीच करायची नाही. तुझं खरं नाव मला ठाऊक नाही. म्युनिकमधल्या श्वाबिंगचं ते घर ज्या नावाने तू भाड्याने दिलंस ते एका इटालियन बाईचं निघालं, आणि त्या बाईने ते घर आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. तेव्हा तुझ्या उद्योगावरूनच तुला हाक मारतो.

तुझी जाहिरात मी पुन्हापुन्हा वाचली आहे. दोन खोल्या, लाकडी जमीन, बाल्कनी, भुयारी रेल्वे चार मिनिटांवर, वीज-पाणी-हीटिंग धरून ८२० युरो. श्वाबिंगमध्ये नुसत्या जागेचं भाडं चौरस मीटरला २० युरोंच्या वर जातं, त्यामुळे एवढ्या घराला तिथे याच्या दीडपट तरी पडतात. शिकारी जसा मोजून दाणा टाकतो तसा तू भाव टाकलास: वाचणारा थांबेल इतका स्वस्त, पण बिचकून पळणार नाही इतपत खरा. मग गोष्ट. तू इंजिनिअर बाई, कामासाठी लंडनला आलेली, मुलगी तिथेच शिकते, घर रिकामं पडलं आहे, पैशांची हाव नाही, फक्त चांगल्या मुलीच्या ताब्यात जावं एवढीच इच्छा. घर दाखवायला येता येत नाही, म्हणून करार मेलवर, अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं बँकेत, किल्ली कुरियरने. एका नावाजलेल्या बुकिंग कंपनीच्या पानाची हुबेहूब नक्कलही तू करून ठेवली होतीस. घर नाही, दार नाही, किल्ली नाही, आणि करार मात्र बारा पानांचा! त्यात कचऱ्याच्या डब्यांचे वार आणि रात्री १० नंतरच्या शांततेचा नियमसुद्धा होता.

ज्या मुलीला तू हे पाठवलंस ती आमच्या ऑफिसात रुजू होणार होती. बार्शीची मुलगी, पुण्यात शिकलेली, तिथेच नोकरी केलेली, ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी माणसांना मिळणारा युरोपचा परवाना, त्याला लागेल एवढ्या पगाराची नोकरी स्वतःच्या हिमतीवर मिळवून निघालेली. १ ऑक्टोबरला कामावर हजर व्हायचं होतं. वडिलांनी बार्शीतल्या बँकेतली ठेव मोडली, फॉर्म भरले, आणि पैसे तू सांगितलेल्या खात्यात पाठवले. खातं जर्मनीतलं नव्हतं. जर्मन खात्याच्या आयबीएएनची पहिली दोन अक्षरं डीई असतात, तुझी वेगळी होती. हे बार्शीच्या त्या काउंटरवर कोण सांगणार होतं?

ती काय करते आहे आणि का, हे तुला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझा राग आहे तो याच्यावर. जर्मनीत उतरलेल्या माणसाचं सगळं पत्त्यावर अडतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवायचं, त्याला इथे आन्मेल्डुंग म्हणतात. नोंद करायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. १ नोव्हेंबर २०१५ पासून हा कागद कायद्याने सक्तीचा झाला, कारण लोक खोट्या पत्त्यांवर नावं लावत होते. नोंद झाली की काही आठवड्यांनी अकरा आकडी कर-क्रमांक येतो, तोही पोस्टाने, त्याच पत्त्यावर. तो वेळेत आला नाही तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने, सहाव्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. बऱ्याच बँका खातं उघडायला हीच नोंद मागतात. राहण्याचा परवाना कुठल्या शहराच्या कार्यालयात मागायचा हेही पत्त्यावर ठरतं. इमारतीतल्या घरांना इथे सहसा नंबर नसतात. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं.

आणि घर मिळवायला काय लागतं? पगाराच्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या, ज्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात नसतात. शुफाचा दाखला, म्हणजे आजवर उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, जी काल विमानातून उतरलेल्या माणसाची असूच शकत नाही. आधीच्या घरमालकाचं पत्र, की हिच्याकडे भाडं थकलेलं नाही. एकेका घराला शेकड्यांनी अर्ज येतात आणि परदेशी आडनावाच्या मेलला बहुतेक वेळा उत्तरच येत नाही. तिला जुलै-ऑगस्टभर कुणी उत्तर दिलं नाही. तू दिलंस, तासाभरात, नावाने हाक मारून, तिच्या नोकरीबद्दल अभिनंदन करून. त्या दोन महिन्यांतला पहिला चांगला शब्द तुझा होता.

लोक मला विचारतात, एवढी शिकलेली मुलगी, न बघता पैसे कसे पाठवले? हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. साडेसहा हजार किलोमीटरवरून ती बघायला कशी येणार होती? व्हिसा हातात पडायचा होता. प्रश्न विचारायचा तर तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारावा. इंजिनिअर हवेत म्हणून जगभर जाहिराती करणाऱ्या आणि ती आली की राहण्याची सोय तिची तिने करावी म्हणणाऱ्या कंपन्यांना विचारावा. घर शोधणाऱ्याकडून महिन्याची वर्गणी घेणाऱ्या आणि तक्रार गेल्यावरही बनावट जाहिरात दिवसचे दिवस राहू देणाऱ्या संकेतस्थळांना विचारावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचे चान्सलर ओलाफ शोल्त्स दिल्लीला आले आणि कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा झाली. बातमी चांगली होती. त्या ९० हजारांनी पहिल्या रात्री कुठे झोपायचं, याचं उत्तर त्या बातमीत नव्हतं. ते उत्तर द्यायला तू टपून बसला होतास.

तरीही या सगळ्यांच्या आड मी तुला लपू देणार नाही. घरटंचाई म्युनिकची आहे, चोरी तुझी आहे.

कायदा तुला पाठ आहे म्हणून सांगतो, तिलाही आता पाठ आहे. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ५५१ प्रमाणे घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. भाडेकरूला ती तीन समान हप्त्यांत देता येते आणि पहिला हप्ता देय होतो तो भाडेकरार सुरू झाल्यावर. म्हणजे जर्मनीत पाय ठेवण्याआधी सगळी रक्कम भरायला लावणारा माणूस घरमालक नाही, एवढं ओळखायला तो एक नियम पुरतो. तू बारा पानी करारात सगळी कलमं घातलीस, एवढंच गाळलंस.

ऑक्टोबर २०२५ पासून युरो चलनाच्या देशांतल्या बँकांना पैसे सोडण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं की नाही हे दाखवावं लागतं. तुझ्यासारख्यांसाठीच हा नियम आला. पण तो युरोपातल्या बँकांच्या आपसातल्या युरो व्यवहारांना लागू आहे. बार्शीहून, नागपूरहून, हैदराबादहून निघालेल्या पैशाला तशी पडताळणी होत नाही, आणि म्हणून तुला गिऱ्हाईक हवं असतं ते अजून भारतात असलेलं. निवड तू विचार करून केली आहेस.

ती सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी उतरली. ऑक्टोबरफेस्ट जोरात होता, शहरात खोली मिळत नव्हती. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा ओढत ती श्वाबिंगच्या त्या दारापाशी पोचली आणि घंटीच्या पाटीवरची नावं एकेक करून वाचू लागली. तुझं नाव नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी दार उघडलं, करार हातात घेतला, आणि सांगितलं की असा कागद घेऊन या दारात उभी राहिलेली तू पहिली नाहीस, उन्हाळ्यापासून लोक येताहेत. त्या आजींनी तिला आत बसवलं, चहा दिला, वसतिगृहांना फोन केले. शहराबाहेरच्या एका वसतिगृहात आठ जणींच्या खोलीत वरची खाट मिळाली, हॉटेलच्या भावाने. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद. स्टेशनवर मिळालेला पाव आणि बॅगेतली शेंगदाण्याची चटणी, यावर दिवस निघाला. कामाच्या पहिल्या दिवशी ती ऑफिसात आली तेव्हा शर्टाला इस्त्री होती. आम्हाला कुणालाच काही कळलं नाही.

मला कळलं ते तिने आमच्या घरून व्हिडिओ कॉल करायची परवानगी मागितली तेव्हा. "दादा, दहा मिनिटं तुमच्या बाल्कनीत उभी राहू का?" आई घर दाखव म्हणत होती. तिने आमची बाल्कनी दाखवली, आमचं स्वयंपाकघर दाखवलं, खिडकीतली माझ्या बायकोची तुळस दाखवली. बार्शीत तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, पलीकडे आईचा आनंद मावत नव्हता आणि वडील मागून विचारत होते, अनामतीची पावती नीट ठेवली आहेस ना. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ बाल्कनीतच होती.

पैशांची नोंद पोलिसांकडच्या तक्रारीत झाली आहे. या दहा मिनिटांची कुठल्याच तक्रारीत होत नाही, म्हणून ती इथे करतो. सरळ वाढलेल्या एका मुलीला तू आईशी खोटं बोलायला लावलंस. पुढे तिने घरी सगळं सांगितलं, वडील एक शब्दही बोलले नाहीत, पण त्या महिन्यापासून ते तिने पाठवलेले पैसे घेत नाहीत, "आधी तुझं नीट होऊ दे" म्हणतात. मुलीची पहिली कमाई हातात घेण्याचं सुख त्या माणसाने कित्येक वर्षं मनात धरलं होतं.

तिचे कागदही तू नेलेस. करारासाठी म्हणून पासपोर्टची प्रत, नोकरीचं पत्र, फोटो, सही. तिच्या कराराला जोडलेला त्या इटालियन बाईचा पासपोर्ट तुझ्याकडे कुठून आला होता ते त्यावरून ध्यानात आलं. तीही कधी तरी घरच शोधत असणार. आणि गेल्या महिन्यात म्युनिकमधल्या मराठी मंडळींच्या आमच्या ग्रुपवर नागपूरच्या एका मुलाने म्युनिकच्याच झेंडलिंग भागातल्या घराचा करार टाकला, कुणी बघून सांगेल का म्हणून. तीच बारा पानं, तेच लंडन, तीच तिथे शिकणारी मुलगी. घरमालकीण म्हणून जोडलेला पासपोर्ट मात्र बार्शीच्या आमच्या मुलीचा होता. ती त्याच ग्रुपवर आहे. तिने आपला फोटो तिथे पाहिला. हे पत्र मी त्या संध्याकाळी लिहायला घेतलं.

त्या मुलाला तू उद्या कुठल्याशा पोलिस ठाण्यात तिच्या नावाने शिव्या द्यायला लावणार होतास. तिच्या नावावर आणखी काय काय उघडलंस ते आम्हाला ठाऊक नाही. दर बंद पाकिटाला ती आता घाबरते. पासपोर्टचा गैरवापर होतो आहे ही माहिती तिने पोलिसांना दिली आहे, भारतीय वकिलातीला कळवलं आहे, शुफाकडेही ओळख चोरीला गेल्याची नोंद केली आहे. नवीन देशातली पहिली दोन वर्षं माणसाने भाषा शिकावी, डोंगर बघावेत, मित्र जोडावेत. तिची सुट्टी हे अर्ज भरण्यात जाते.

पहिल्या तक्रारीचा तपास थांबवल्याचं पत्र आलं होतं, आरोपी निष्पन्न झाला नाही म्हणून. तू तिथेच सुटलास असं समजला असशील. नवा पुरावा आला की असा तपास पुन्हा उघडता येतो. जर्मन दंडसंहितेच्या कलम २६३ खाली फसवणुकीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती धंदा म्हणून किंवा टोळीने केली असेल तर सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत. एकच करार, तेच पान, दोन पत्ते, दोन गिऱ्हाईकं, एकीचा पासपोर्ट दुसऱ्याला पाठवलेला: धंदा सिद्ध करायचं काम तूच सोपं केलं आहेस.

झेंडलिंगच्या त्या पत्त्यावर मी ऑफिस सुटल्यावर गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक तुर्की कुटुंब राहतं, घर सोडण्याचा त्यांचा काही विचार नाही. तुझ्या जाहिरातीतले फोटो त्यांच्या बैठकीचे नव्हते, कुठल्या तरी हॉटेलचे होते. पत्ता मात्र त्यांचा. त्या गृहस्थांनी करार पाहिला, बायकोला बोलावलं, आणि आपल्या पत्त्याच्या गैरवापराची तक्रार त्याच रात्री स्वतः नोंदवली. नागपूरच्या मुलाने पैसे पाठवलेले नाहीत. तुझ्याशी तो आणखी चार दिवस गोड बोलत राहिला, आम्ही सांगितलं म्हणून. त्या चार दिवसांत तू त्याला एक नवा खाते क्रमांक दिलास, एक फोन नंबर दिलास, आणि एकदा कॉलवर स्वतः बोललास. ते सगळं आता आमच्या तक्रारीला जोडलं आहे.

हिवाळी सत्राची मुलं येत्या ऑक्टोबरला येतील, नोकरीवाली वर्षभर येतच असतात. गीझिंग, मोझाख, गार्चिंग, लागलं तर आउग्सबुर्गपर्यंत, घर बघून यायला आमच्यातलं कुणी ना कुणी जातं. तुझा पुढचा करार ज्याला जाईल, तो आधी आम्हाला पाठवेल.

म्युनिकमधला एक मराठी नोकरदार