निर्व्यसनी माणसाचं लिव्हर

कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा एसजीपीटी ८६ निघाला. मर्यादा चाळीसच्या आसपासची. रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि रात्री काकांचा फोन आला. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मला खरं सांग. वहिनीला कळू देणार नाही."

मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. माझी मजल पियूषपर्यंत; सणासुदीला त्यावर श्रीखंड. उलट काकांची बैठक रोज संध्याकाळी बसते आणि त्यांचा एसजीपीटी २६. तो कागद त्यांनी पाकिटात ठेवलाय.

डॉक्टरांनी समजावलं : एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम्स यकृताच्या पेशींमध्ये असतात. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. म्हणजे चाळीत भिंतीपलीकडून भांडी आदळल्याचा आवाज यावा तसं. भांडण चाललंय एवढं कळतं, कशावरून ते कळत नाही. यकृत काम कसं करतंय हे विचारायचं असेल तर बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघायचा. माझं तिथे सगळं ठीक होतं. हिपॅटायटिस बी आणि सी नव्हते. सोनोग्राफीत मात्र 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' आलं. ग्रेड वन ऐकून आईला जरा बरंच वाटलं. शाळेत हा योग कधी आला नव्हता.

या आजाराला पूर्वी 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' म्हणत. निर्व्यसनीपणाचा दाखला आजाराच्या नावातच होता! २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदलून त्यात 'मेटाबॉलिक' घातलं. माझ्या रिपोर्टापर्यंत त्यांना थांबवलं नाही.

मग उपचारकांची रांग लागली. मावशीने गुळवेलीचा काढा पाठवला. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं आणि आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं होतं. त्या वादात मावशी ठामपणे मंत्रालयाच्या बाजूने आहे. शेजारच्या आजोबांना चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवणारा माणूस ठाऊक होता. पण उतरवायला ती आधी चढायला नको का? जिमवाला भाचा म्हणाला, "मामा, वजनं उचल." उचलली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीआधी काही दिवस बंद ठेवा. एसजीओटी स्नायूंतही असतं, जड व्यायामानेसुद्धा वाढतं.

डॉक्टरांचा स्वतःचा सल्ला फार नीरस होता. ८४ किलोंतले सात ते दहा टक्के, म्हणजे सहा ते आठ किलो, हळूहळू उतरवा, उपासमार नको. साखर आणि पियूष कमी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा किंवा गोळी नाही. कॉफी चालेल, ती यकृताला मानवते म्हणे. मी खुललो. "बिनसाखरेची," असं बायको डॉक्टरांच्या आधी म्हणाली.

पुढच्या रिपोर्टात आकडा ५२ वर आला. निघताना मी काकांच्या २६ चा विषय काढला. डॉक्टर म्हणाले, आकडा नॉर्मल असला म्हणून यकृत ठणठणीत असतंच असं नाही, पिणाऱ्याने तर त्यावर मुळीच विसंबू नये. हे मी ग्रुपवर शब्दशः टाकलं. काकूने दुसऱ्याच दिवशी काकांना सोनोग्राफीला नेलं. ग्रेड टू.

हल्ली आम्ही दोघं पहाटे चालायला जातो. कट्ट्यावर कुणी चौकशी केली की काका माझ्या खांद्यावर हात ठेवतात. "पुतण्याचं लिव्हर बिघडलंय. एकट्याला कसं सोडायचं?"