दुसऱ्या भागाचे हरकतदार

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, हिंगणघाट मागे पडल्यावर लागणाऱ्या आमच्या वडनेरात, ज्यांनी उभी हयात महसूल खात्यात फेरफारांच्या नोंदी तपासण्यात घालविली आणि निवृत्तीनंतर तीच दक्षता चित्रपटांच्या ठायी वळविली, असे एक सद्गृहस्थ आहेत. गाव त्यांना काकाजी म्हणते. मूळ मालकामागे वारसाचे नाव सातबाऱ्यावर चढावे हे रास्तच. परंतु वारसाने जमीन कसावी, बापाच्या नावावर नुसती वसुली करू नये, हा त्यांचा सिद्धान्त. आणि या कसोटीवर त्यांनी आजवर एकाही दुसऱ्या भागाची नोंद मंजूर केलेली नाही.

१९९३ चा ‘झपाटलेला’ त्यांना शिरसावंद्य. पण वीस वर्षांनी, २०१३ साली, तात्या विंचू त्रिमितीत अवतरला, तेव्हा काळा चष्मा चढवून, बाहुला अंगावर येताच शेजाऱ्याचे मनगट गच्च धरून, बाहेर पडल्यावर मात्र ‘लक्ष्याविना सारा व्यवहार बेकायदा’ असा निकाल त्यांनी दिला. २०१० साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’तील दोन अनोळखी जीव दिवसभर पुण्यात हिंडले, एवढ्यावर ते तृप्त होते, २०१५ मध्ये त्यांच्या लग्नाचा घाट आणि २०१८ मध्ये बाळाची चाहूल, हे पाहून ‘परक्याच्या संसारात तिकीट काढून कुठवर डोकवावे?’ असा सवाल त्यांनी पानठेल्यावर केला. ‘नवरा माझा नवसाचा’मधील एसटीची २०२४ च्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वे झाली, ही बढती तर, महामंडळाचे सवलतधारक या नात्याने, त्यांना व्यक्तिशः झोंबली.

नातवाचा मोबाइलही या चौकशीतून सुटला नाही. दरसाल नवी आवृत्ती काढणाऱ्या त्या फुटबॉलच्या खेळाने २०२३ मध्ये ‘फिफा’ हे नाव टाकून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ हे धारण केले, असे कळताच ‘खातेदार तोच, नावात दुरुस्ती’ असा शेरा मारून ते मोकळे झाले.

“आबाजी, मंग पायता कायले?” नातवाने एकदा विचारले.

“पाह्यल्याबिगर हरकत कशी घेता येईन, बाप्पा? नोटीस निघाल्यावर पंधरा दिवसांची मुदत असते!”

मुदतीची ही धास्ती एवढी, की पंधरवडाभर टिकण्याची शाश्वती नसलेला चित्रपट ते पहिल्याच आठवड्यात उरकतात. नव्या कथेची ओळख करून देण्याचा खर्च वाचावा म्हणून जुन्या नावाचा आश्रय घेणाऱ्या निर्मात्याच्या हिशेबवहीत काकाजींच्या हरकतीला रकाना नाही. तिकिटाची रक्कम तेवढी बिनतक्रार जमा होते.

मध्यंतरी अगदी कोऱ्या कथेचा, मागेपुढे कोणी नसलेला एक मराठी चित्रपट हिंगणघाटला लागला. आता तरी काकाजींचे समाधान होईल, या आशेने नातवाने त्यांना तिकीट काढू का म्हणून विचारले. काकाजींनी जाहिरात दोनदा निरखली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “याचा दुसरा भाग निघू दे, मंग पाहू.”