क्लचप्लेटवरचा खटला
मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले असले, तरी तिच्याभोवती वाढलेले निदानशास्त्र अजून अभंग असून, गिअर टाकताना खरखर ऐकू येताच सुनावणीविना क्लचप्लेटला, म्हणजे इंजिनाची गती गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या घर्षण-चकतीला, दोषी ठरवणे हे त्याचे आद्य सूत्र होय. वास्तविक इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असेल आणि चालू असताना अडत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही एवढेच सिद्ध होते. आणि या गाडीत पेडलचा दाब केबलने पोहोचत असल्याने, सैल पडलेली केबल आवळून काही मिनिटांत काम भागण्याचा संभव असतो, जो अर्थातच बिलाच्या प्रकृतीला मानवत नाही. इंजिन बंद असूनही गिअर अडलाच, तर संशय गिअरच्या दांड्याखालील झिजलेल्या बुशांवर जावा. चकती खरोखर झिजली असता लक्षण वेगळेच असते: चढावर इंजिन गर्जते, गाडी मात्र विचारात पडते. या झिजेचे श्रेय बहुधा पेडलला चौरंग मानून त्यावर अखंड विसावलेल्या मालकाच्या डाव्या पायाचे असते. परंतु पायाची तपासणी कोणत्याही गॅरेजच्या दरपत्रकात आढळत नाही.