स्टेपनीभाऊ

सकाळी साडेसातला राजापेठेतून एखादी गाडी दवाखान्यातल्या पेशंटसारखी नाकात नळी घालून, टपावर दोन डबे अन् एक फावडं लादून बडनेऱ्याकडे निघालेली दिसली, तर भाऊ ऑफिसला चालले असं समजावं. ऑफिस अकोल्यात. नाकातल्या नळीमुळे म्हणे छातीभर पाण्यातही इंजिनाला हवा मिळते. अकोल्यात नळ किती दिवसाआड येतो, हे कोणी त्यांना विचारू नये.

हा अमरावती-अकोला रस्ता वर्षानुवर्षं असा होता, की अकोल्याला उतरताना माणूस मणके मोजून घ्यायचा. त्या काळात भाऊंकडे आठशे सीसीची बारकी गाडी होती आणि डिकीत फक्त एक फडकं. मग जून २०२२ मध्ये महामार्गवाल्यांनी १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचं ७५ किलोमीटर डांबर अंथरलं. गिनेस बुकात नाव गेलं. रस्ता थापलेल्या पाटवडीसारखा सपाट झाला, आणि भाऊंनी फोर बाय फोर घेतली.

"दुर्गम भागात जायचं हाय. लेह, स्पिती."

"कधी?"

"तयारी झाली का."

तयारी होत नाही. विंच झाली, जेरीकॅन झाले, हवा भरायचा पंप झाला, चिखलात चाकाखाली सरकवायच्या नारिंगी फळ्या झाल्या. बंपरपुढे लोखंडी गार्डही लावला होता. केंद्राने तो २०१७ मध्येच बेकायदा ठरवलाय, हे कळल्यावर काढला. आता गॅलरीत त्यावर वहिनी टॉवेल वाळत घालतात. एवढी गाडी इतवाऱ्याच्या गर्दीत शिरत नाही, म्हणून सांभार-वांगी आणायला वहिनींची स्कूटी. "लेहले जाऊ द्या, पह्यले भाजीले तं जा म्हणा!"

ज्ञान मात्र खोटं नाही हो. मी त्यांच्यासोबत जातो-येतो, म्हणून सांगतो. मूर्तिजापूर ते बोरगाव मंजू ऐकून घ्यावं लागतं: चिखलात टायरची हवा थोडी सोडावी, म्हणजे टायर पसरतो आणि जमिनीला जास्त टेकतो. टपावर वजन वाढलं की गाडी वळणावर कलते. (टपावर सव्वा मण सामान.) जेरीकॅन मूळचा जर्मन सैन्याचा. आणि स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला; १९०४ साली तिथल्या एका दुकानात जादा चाक निघालं, त्याआधी गाड्यांना ते नसायचंच. ही गोष्ट मी किमान चाळीसदा ऐकलीय. नाव त्यावरूनच पडलं.

एकदा सेमाडोहच्या घाटात एक काळी-पिवळी जीप आम्हाला ओलांडून गेली. आत किती माणसं होती ते मोजता आलं नाही, मागे चारजण लोंबकळत होते. पुढे ती चहाला थांबली, तेव्हा भाऊंनी ड्रायव्हरला सामान विचारलं. त्याने एक पाना, एक दोर आणि चाकामागे लावायचा सागाचा ओंडका दाखवला. भाऊ धारणीपर्यंत गप्प होते.

खरी परीक्षा झाली सासुरवाडीला, दर्यापूरकडे. जुलै महिना, रात्री पाऊस होऊन गेलेला. सालदार पांधणीच्या तोंडाशीच म्हणाला, "जवाईबुवा, गाडी इथंच राहू द्या. पायी चला."

"अरे, फोर बाय फोर हाय हे!"

वीस पावलं गेलो असू. खारपाणपट्ट्यातली काळी माती टायरच्या खाचांत भरली, की चाकाचा गुळगुळीत गोटा होतो. साध्या गाडीची दोन चाकं जागच्या जागी फिरली असती, आमची चारही फिरली. भाऊ मात्र खुशीत उतरले. विंचेचा दोर सोडला. तीस मीटर. बाभूळ तीनशे पावलांवर. मधे सगळी कपाशी अन् तूर.

"स्टेपनी जमिनीत गाडू. तिले दोर बांधला का गाडी आपोआप वर येते."

"कुठी गाडता?" सालदार ओरडला. "कालच डवरलं ना बापा!"

राहिल्या नारिंगी फळ्या. त्या टपावर कुलपात, आणि किल्ली अमरावतीला फ्रिजवर.

सालदार काही बोलला नाही. गोठ्यामागच्या गंजीतून दोन कवळे तुराट्या आणल्या, चाकांखाली कोंबल्या, चार पोट्ट्यांना हाक मारली. गाडी कडाकडा आवाज करत बाहेर.

भाऊ कमरेपर्यंत चिखलाने माखलेले. त्यांनी एक तुराटी उचलली, वाकवून पाहिली, बोटाने जाडी मापली.

"वाण कोणता?"

"मारोती," सालदार म्हणाला.

भाऊंनी मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

सोमवारी मी गाडीत बसायला गेलो, तर टपावर जेरीकॅनच्या शेजारी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली तुराट्यांची पेंढी होती. तिला कुलूप होतं.