ओपॅक

आमच्या लायब्ररीत पुस्तक शोधायच्या दोन सोयी आहेत. एक दाराशी टेबलावर ठेवलेला संगणक. त्यात पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव टाकलं की ते कुठल्या रॅकला आहे, किती प्रती आहेत, कुणी नेलंय का, ते दिसतं. या यादीला ओपॅक म्हणतात. दुसरी सोय रिडिंग हॉलमध्ये खिडकीकडच्या खुर्चीवर बसलेली असते. पोरं तिलाही ओपॅकच म्हणतात. पहिल्या ओपॅकला स्पेलिंग बरोबर लागतं. दुसऱ्याला ‘ते निळं जाडजूड, वर पुलाचा फोटो असलेलं’ एवढंही पुरतं.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर बसलेल्या कुणालाही विचारा, असा एक प्राणी त्यांच्याकडेही असतोच. कार्डांचे लाकडी ड्रॉवर होते तेव्हा तो ड्रॉवरपाशी उभा असायचा, आता चार्जिंग पॉइंटपाशी बसतो. आमचा हा मेकॅनिकलचा. सेकंड इयरला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अडकला आणि वायडी झाला, म्हणजे वर्ष गेलं. लेक्चरला बसायचं कारण उरलं नाही आणि घरी सांगायची हिंमत नव्हती. मग रोज सकाळी आई डबा भरून द्यायची आणि हा इमानेइतबारे कॉलेजात यायचा, फक्त वर्गाच्या अलीकडच्या दारातून आत वळायचा. शिपाईमामा कुलूप काढतात तेव्हा हा पायरीवर बसलेला असतो. गेट रजिस्टरचं नवं पान त्याच्याच सहीने सुरू होतं. विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे त्याची हजेरी शून्य, आमच्या रजिस्टरप्रमाणे शंभर टक्के.

माहिती म्हणाल तर अफाट. कुठल्या प्लगला ठिणगी उडते, कुठला पंखा तीनवर ठेवला की किरकिरतो, कूलरचं पाणी किती वाजता गार होतं, झेरॉक्सवाले काका जेवायला उठायच्या किती आधी रांगेत लागायचं, सगळं तोंडपाठ. डिजिटल रूममध्ये एनपीटीईएलची लेक्चरं ऐकायला हेडफोन आहेत, त्यांतल्या कुठल्याचे दोन्ही कान चालतात ते आमच्या संगणक विभागालाही ठाऊक नाही. डिस्कशन रूम कुठल्या दिवशी कुठल्या विभागाने अडवलेली असते, पीएल, म्हणजे परीक्षेआधीची सुट्टी, लागली की रात्रीचा हॉल कधीपासून उघडतो, लॉकरची डुप्लिकेट किल्ली कोणाच्या खणात असते, हे तो न विचारता सांगतो. फर्स्ट इयरच्या मुलांना आम्ही ऑगस्टमध्ये पीपीटी दाखवून लायब्ररीची ओळख करून देतो. त्यानंतर मुलं मागच्या दाराने त्याच्याकडे जातात आणि खरी ओळख करून घेतात.

ड्युई तर त्याने पचवलाय. मेल्विल ड्युई या अमेरिकन गृहस्थांनी १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं. त्यात संगणकाला जागा कुठून असणार? तो आल्यावर त्याला पहिल्या खणात, ००४ ते ००६ मध्ये सरकवून घेतलं. इलेक्ट्रॉनिक्स राहिलं ६२१.३८ ला, विजेच्या शेजारी. त्यामुळे कॉम्प्युटरच्या पोराला प्रोग्रॅमिंग दाराशी सापडतं आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्ससाठी हॉलचं दुसरं टोक गाठावं लागतं. थर्मोडायनॅमिक्सची तर फाळणीच झालेली आहे. निम्मी पुस्तकं भौतिकशास्त्रात ५३६.७ ला, निम्मी मेकॅनिकलमध्ये ६२१.४०२१ ला. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेताना मी हे घोकलं होतं. ओपॅकने ते चपला झिजवून मिळवलंय, आणि विचारणाऱ्याला तो ड्युईंबद्दल असं सांगतो की जणू ते मागच्या बॅचचे सीआर होते.

त्याची खरी विद्या मात्र लपवलेल्या पुस्तकांची. ओरल्स जवळ आल्या की चांगल्या पुस्तकांना पाय फुटतात. कार्डावरचा कोटा संपलेला असतो, किंवा प्रत रेफरन्सची असते, बाहेर नेता येत नाही. मग पोरं ते भलत्याच रॅकमध्ये खुपसून जातात, उद्या येऊन वाचू म्हणून. संगणक सांगतो ‘अव्हेलेबल’ आणि रॅकवर नुसती धूळ. एकदा मेकॅनिकलची एक मुलगी रडकुंडीला येऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

“दादा, एसओएमचं टिमोशेंको कुठेच नाहीये. कॉम्प्युटर तर आहे म्हणतोय.”

“काल संध्याकाळी होतं?”

“हो, मी बघितलं होतं.”

“काल शेवटपर्यंत तुझ्याच वर्गातली पोरं होती. ६२८ ला बघ. सांडपाण्याची पुस्तकं आहेत तिथे, खालून दुसरा कप्पा, मागच्या रांगेत.”

“सांडपाणी?”

“मेकॅनिकलचं माणूस तिकडे फिरकत नाही ना. मग तिथेच लपवणार. सिव्हिलवाले लपवतात ६६९ ला, धातूंत. आणि कॉम्प्युटरवाले लपवत नाहीत, त्यांना पुस्तक लागत नाही.”

पुस्तक तिथेच निघालं. आत खुणेला पीएमपीचं तिकीट होतं. ओपॅकने तिकीट उलटसुलट करून बघितलं, बस कुठली ते वाचलं आणि कुणी लपवलं तेही सांगितलं. नाव जाहीर केलं नाही. व्यवसायाची काही नीती असते, म्हणाला.

सिव्हिलची पोरं त्याच्याकडे आयएस कोडसाठी येतात. काँक्रीटचा आयएस ४५६, तो २००० सालचा. पोलादाचा आयएस ८००. कोड आमच्याकडून इश्यू होत नाहीत, तिथेच बसून बघायचे. हा त्यांना बजावतो, “आठशे काढताना २००७ चाच काढ. शेजारी १९८४ चा पण आहे, तो घेतलास तर सगळं डिझाइन जुन्या पद्धतीने होईल आणि सर पहिल्याच पानावर फुली मारतील. आणि झेरॉक्सला पैसे घालवू नकोस, मानक ब्युरोच्या साइटवर नाव नोंदवलं की फुकट उतरवता येतो.” स्वतः आयुष्यात एकही बीम डिझाइन केलेली नाही. आपल्याकडे नसलेलं पुस्तक डेलनेटमधून दुसऱ्या लायब्ररीकडून मागवता येतं, हे आमच्या काही प्राध्यापकांनाही याच्याकडूनच कळलं. सूचनाफलकावर आम्ही ते कधीपासून लावलंय, पण फलक वाचायला प्राध्यापकांना वेळ कुठला.

गणिताचे विभागप्रमुख एकदा जुन्या जर्नलचा बाउंड व्हॉल्यूम शोधत पिरियॉडिकल सेक्शनमध्ये घामाघूम झाले होते. ओपॅक शिडी घेऊन आला, वरून व्हॉल्यूम काढला, रुमालाने झटकला आणि हातात दिला. सर खूश. “हुशार आहेस. कुठल्या वर्षाला?”

“वर्षाला नाही सर, विषयाला आहे. तुमच्याच.”

सरांनी व्हॉल्यूमची नोंदसुद्धा न करता काढता पाय घेतला. ती नोंद मग ओपॅकने करून घेतली.

१२ ऑगस्टला, रंगनाथनांच्या जयंतीला, आम्ही त्यांचा फोटो मांडतो, हार घालतो आणि चहा-सामोसे ठेवतो. ओपॅक पहिल्या रांगेत. ग्रंथपालसरांनी भाषणात सांगितलं की १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी रंगनाथन गणित शिकवायचे. ‘गणित’ ऐकल्याबरोबर ओपॅकने हातातला सामोसा प्लेटमध्ये ठेवला. पुढे त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांबद्दल सांगितलं: पुस्तकं वापरासाठी असतात, वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय वाढतं राहतं. मी हिशोब केला, यांतली मधली तीन आमच्याकडे हा एकटाच पाळतो. अख्ख्या गावाची लग्नं जमवून स्वतः बिनलग्नाचा राहिलेला मध्यस्थ असतो ना, तसं याचं. प्रत्येक पुस्तकाची गाठ कुणाशी तरी घालून दिली, स्वतः मात्र एकही उघडलं नाही. वेळ सगळ्यांचा वाचवला. वाचलेला सगळा वेळ बहुतेक याच्याकडेच साठलाय.

तपासणी समिती आली तेव्हा तर त्याने आमची इभ्रत वाचवली. समितीतल्या एका सदस्यांना ‘रँडमली’ एका विद्यार्थ्याशी बोलायचं होतं. अशा वेळी रँडम विद्यार्थी कोण असावा, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असतं. ओपॅकने त्यांना हॉलभर फिरवलं. ई-जर्नल्स घरून कशी वाचायची, शोधगंगेवर प्रबंध कसे बघायचे, बुक बँकेचा संच सेमिस्टरभर कसा ठेवून घेता येतो, ब्लॅक बुकं सालवार कुठे लावलीत, सगळं त्याने दाखवलं. सदस्य भराभर लिहून घेत होते. शेवटी पेन बंद करता करता त्यांनी सहज विचारलं, “वा! आणि अलीकडे कुठलं पुस्तक वाचलंत?”

आमच्या ग्रंथपालसरांनी डोळे मिटून घेतले.

“सर, ते सध्या इश्यू झालंय,” ओपॅक म्हणाला. “मी नंबर लावून ठेवलाय.”

तो शेरा अहवालात ‘पुस्तकांना विद्यार्थ्यांची मोठी मागणी’ असा उतरला.

अखेर त्याचा एम-थ्री सुटला. कसा सुटला ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. पुढची वर्षं त्याने त्याच खुर्चीत बसून काढली, डिग्री घेतली, आणि जूनमध्ये नो-ड्यूजचा कागद घेऊन काउंटरवर आला. या कागदापायी पोरं रडतात. कुणाचा भटचा ड्रॉइंग हरवलेला असतो, कुणाचा दंड पुस्तकाच्या किमतीच्या वर गेलेला असतो, कुणी आपलं समजून दुसऱ्याच लायब्ररीचं पुस्तक आणून देतं. मी त्याचं खातं उघडलं. पहिल्या वर्षापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकही नोंद नाही. मला वाटलं सर्व्हर बसला. दोनदा रिफ्रेश केलं.

“बरोबर आहे मॅडम,” तो म्हणाला. “घरी नेलं की ते कुठे आहे ते कसं कळणार?”

मी सही केली, शिक्का मारला. तो हलेना.

“माजी विद्यार्थ्यांना मेंबरशिप मिळते ना?”

“मिळते. फॉर्म भरावा लागतो.” मी खण उघडला, मग दुसरा उघडला, मग कपाटाकडे वळले.

“डावीकडचा खालचा मॅडम, स्टॅम्पपॅडच्या डब्याखाली. पण ते जुने आहेत, त्यांच्यावर आधीची फी छापलीय. नवे मामांच्या टेबलात आहेत.” आणि मी उठायच्या आत तो स्वतःच जाऊन दोन घेऊन आला. एक त्याच्यासाठी आणि एक, म्हणे, रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलाला लागेल.