टुमणं लावणारं कोणी हवं

बेंगळुरूत लग्नाळू माणसांचा तुटवडा नाही. कोरमंगलापासून व्हाइटफील्डपर्यंत ती डेटिंग अ‍ॅपवर अंगठ्याने स्थळं डावी-उजवीकडे सारत बसलेली असतात. तरी जमत नाही, आणि मग वाद पेटतो: दोष अ‍ॅपचा की वापरणाऱ्यांचा? माणसं खोटं लिहितात, जुने फोटो लावतात, नको तितकी चिकित्सा करतात, असं एक पक्ष म्हणतो. खरं आहे, पण नवं नाही. ‘निर्व्यसनी’, ‘गृहकृत्यदक्ष’ आणि ‘आमच्या काही अपेक्षा नाहीत’ ही तीन असत्यं वधूवर सूचक मंडळांच्या कागदांवर पिढ्यानपिढ्या झळकली, तरी लग्नाचे मांडव उभे राहतच गेले. तेव्हाही असलेल्या दोषावर आजचं अपयश कसं ढकलणार?

बरं, अ‍ॅपचं गणित कच्चं म्हणावं, तर तसंही नाही. गेल आणि शॅपली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली जोड्या लावण्याची एक रीत सिद्ध केली. पुढे २०१२मध्ये शॅपलींना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि २०१८मध्ये हिंज या डेटिंग अ‍ॅपने तीच रीत वापरायला घेतली. मात्र त्या रीतीत यादी कुठेतरी संपते. अ‍ॅपवर ती संपतच नाही. त्याहून गमतीचा ओकेक्युपिड या डेटिंग संकेतस्थळाचा प्रयोग. स्वतःच्याच हिशेबाने जेमतेम ३० टक्के जुळणाऱ्यांना ‘तुमचं ९० टक्के जुळतं’ असं त्यांनी बेधडक सांगितलं, आणि २०१४मध्ये तसं कबूलही केलं. ती माणसं खरा आकडा कळलेल्यांपेक्षा जास्त बोलली! म्हणजे ‘छान जुळतंय हो’ असं कोणी ठासून सांगणं हेच निम्मं काम. आपल्याकडच्या मावश्यांना हे शास्त्र पत्रिका न उघडताच ठाऊक होतं.

माझं म्हणणं एवढंच: स्थळ सुचवणं सोपं, अवघड असतं ते नंतरचं टुमणं. ‘फोन केलास का? मग कधी भेटताय? त्यांना काय कळवू?’ अ‍ॅपने सोपं काम उचललं आणि अवघड सोडून दिलं. यावर कोणी म्हणेल, त्या टुमण्याला कंटाळूनच तर पोरं बेंगळुरूला आली. शिवाय मध्यस्थाच्या पिशवीत जात, गोत्र आणि हुंडाही असायचा. मान्य. ती पिशवी गेली हे उत्तमच, पण तिच्यासोबत रेटाही गेला. वाहतूक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२२च्या मोजणीत बेंगळुरूच्या मध्यभागी दहा किलोमीटरला सुमारे २९ मिनिटं लागत; लंडनखालोखाल जगात दुसरा नंबर. अशा गावात इलेक्ट्रॉनिक सिटीहून हेब्बाळला एका कॉफीसाठी आपणहून कोण निघेल? ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणंच शहाणपणाचं. आणि त्या पुढच्या आठवड्यांचंच अ‍ॅप दरमहा भाडं घेतं. डिलीट होण्यासाठीच आपला जन्म, असं हिंज जाहिरातीत म्हणतं. त्याच्या मालक मॅच ग्रुपवर मात्र २०२४च्या व्हॅलेंटाइन डेला अमेरिकेत लोकांना व्यसन लावल्याचा दावा दाखल झाला. कंपनीने आरोप फेटाळले.

तेव्हा दोष दोघांचा: माणसांना पाठीमागची भुणभुण नको होती, आणि अ‍ॅपला ती शांतता विकायची होती. उपाय आहे. अ‍ॅपने वर्गणी बंद करून, लग्न ठरल्यावर मध्यस्थाचा मान म्हणून घसघशीत आहेर घ्यावा. मग पाहा, रात्री साडेदहाला मोबाइल कसा खणखणतो: ‘हेब्बाळच्या स्थळाचं काय झालं? मेट्रोचं तिकीट काढून ठेवलंय. शनिवारी पाच वाजता. आणि तो शर्ट इस्त्री करून!’