स्थिर आणि सुखाचं

पतंजलींना गुडघे नसावेत, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. जवळजवळ दोनशे सूत्रं लिहिणाऱ्या माणसाने आसनावर फक्त ३ खर्च करावीत? त्यातल्या पहिल्यात सांगणं काय, तर आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं. झालं! घोटा फरशीला टोचला तर काय करायचं, पोट मध्ये आलं तर ते कुठे सरकवायचं, याबद्दल चकार शब्द नाही. माझा अनुभव असा की या दोन गोष्टी एका वेळी मिळत नाहीत. स्थिर असतो तेव्हा सुख नसतं, आणि सुख लागतं तेव्हा मी घोरत असतो.

मी या नादी लागलो तो रक्तदाबामुळे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, "रोज थोडा वेळ ध्यानाला बसत जा." गोळी केमिस्टने दिली, मीठ बायकोने काढून घेतलं. माझ्या वाट्याला तेवढं ध्यान उरलं.

बायको गेली कित्येक वर्षं पहाटे वज्रासनात बसते. गाजावाजा नाही, उदबत्ती नाही, उठली की सरळ चहाचं आधण. तिला विचारलं, "बसायचं कसं नेमकं?" ती म्हणाली, "बसायचं." ही बाई आणि पतंजली एकाच वर्गात असणार.

म्हणून मग स्वतःच सुरुवात केली, आणि तीही थेट पद्मासनापासून, कारण फोटोत सगळे त्यातच बसलेले असतात. उजवा पाय डाव्या मांडीवर चढला. आता डावा. तो दोन्ही हातांनी उचलून आणला तर उजवा उतरून गेला होता. साहेब आणि फाइल जसे एका वेळी जागेवर सापडत नाहीत, तसे माझे दोन पाय एका वेळी मांडीवर सापडेनात. सिद्धासनाची हठयोगप्रदीपिकेत फार थोरवी गायली आहे. ८४ आसनांमध्ये तेच श्रेष्ठ म्हणे. पण त्यात टाच जिथे टेकवायला सांगितली आहे ती जागा कौटुंबिक अंकात लिहिता येत नाही, आणि तिथे टाच असताना मन दुसरीकडे वळवणं हे सिद्धांनाच जमो. वज्रासनात माझं पूर्ण वजन माझ्याच घोट्यांवर आलं तेव्हा डॉक्टर मिठाच्या आधी वजनाबद्दल का बोलले नाहीत, याचं नवल वाटलं.

उरली साधी मांडी. तिला सुखासन म्हणतात, हा शास्त्रकारांचा विनोद. मांडी घातली की माझे गुडघे जमिनीपासून वीतभर वर, पंख पसरल्यागत तरंगत राहतात. सोसायटीच्या हॉलमध्ये योगवर्ग घेणाऱ्या मुलीने ते पाहिलं आणि म्हणाली, "काका, बूड उंच करा." नंतर नीट समजावलं. गुडघे कमरेच्या वर राहिले की कमरेचं हाड मागे कलतं, पाठीला पोक येतो, तो पोक सावरायला पाठीचे स्नायू सारखे ओढत राहतात आणि पाठ भरून येते. त्यावर उपाय म्हणजे बुडाखाली उंचवटा घ्यायचा; गुडघे आपोआप खाली येतात, पाठ आपोआप उभी राहते. माझ्या वडिलांना हे कोणी शिकवलं नव्हतं. ते आयुष्यभर पाटावर जेवले, पंगतीत तासन्‌तास बसले. आम्ही टेबलखुर्चीवर आलो, आणि आमचा मुलगा पलंगावर आडवा होऊन जेवतो. त्याच्या पिढीला ध्यानाला क्रेन लागेल.

उंचवट्यासाठी गीतेचा सहावा अध्याय उघडला, आणि जीवात जीव आला. इथे निदान फर्निचरचा विचार आहे! आसन फार उंच नको, फार सखल नको. खाली कुश, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. कुशाचं आसन पूजासाहित्याच्या दुकानात मिळालं. मृगाजिनाच्या बाबतीत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा आला, म्हणून तिथे सोलापुरी चादर घातली. एका घडीने भागेना, म्हणून दुसरी. मग मुलाच्या खोलीतली गादीवजा उशी. या ढिगावर बसलो तेव्हा पाठ खरोखर ताठ झाली, पण डोकं टीपॉयच्या वर गेलं आणि एकूण दृश्य सत्कारमूर्तीचं दिसू लागलं. बायको म्हणाली, "नारळ आणू?"

बसणं जमलं की लक्ष कुठे ठेवायचं हा पुढचा प्रश्न. गीतेत नाकाच्या शेंड्यावर दृष्टी सांगितली आहे. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. नाकाचा शेंडा नेमका वाचायच्या भागात येतो, आणि तिथे मला जे दिसलं त्यावर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मग श्वास. विपश्यनेला जाऊन आलेले सांगतात की पहिले ३ दिवस फक्त श्वासच पाहायचा, नाकपुड्यांखाली तो जिथे जाणवतो त्या जागेवर. ३ दिवस! मी १ ते १० मोजायला घेतले. चारपर्यंत श्वास मोजत होतो. त्यानंतर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या केव्हा मोजायला लागलो ते कळलं नाही. पाचवी झाली तेव्हा मी डोळे मिटूनच ओरडलो, "अहो वहिनी, डाळ लागेल!" भिंतीपलीकडून उत्तर आलं, "छोले आहेत, भावोजी."

नेहमीचं गाडं अडायचं ते मात्र पायाशी. श्वास जरा लयीत आला की डावा पाय बधिर. पूर्वी मला वाटायचं रक्त थांबतं. तसं फारसं नसतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाच्या अगदी वरून एक नस जाते, ती दबून राहिली की तिचे निरोप बंद पडतात. दाब सुटला की ती अडलेली भाषणं सगळी एकदम करू पाहते, त्याच मुंग्या. हे कळल्याने मुंग्या कमी आल्या असं नाही.

आणि अशात व्यासभाष्य हाती लागलं. पतंजलींनी टाळलेली आसनांची यादी व्यासांनी दिली आहे. तीत पद्मासन, वीरासन वगैरे थोरामोठ्यांच्या पंक्तीत एक नाव दिसलं: सोपाश्रय. म्हणजे आधार घेऊन बसणं! व्यासांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, अर्थात वाकता आलं असतं तर. हा आधार म्हणजे योगपट्ट, पाठीमागून घेऊन गुडघ्यांभोवती आवळायचा पट्टा. हंपीचा तो प्रचंड नरसिंह आठवा: सुमारे २२ फूट उंच, कृष्णदेवरायाच्या काळात १५२८ मध्ये एकाच दगडातून कोरलेला. त्याच्या गुडघ्यांवरून असाच पट्टा गेलेला आहे. खांब फोडून बाहेर आलेल्या देवाला गुडघे बांधावे लागतात, तिथे मी कोण?

मुंजीतलं जुनं उपरणं काढलं. बायको बँकेत गेलेली. कमरेमागून उपरणं घेतलं, दोन्ही गुडघ्यांभोवती ओढलं आणि पुढे गाठ नको, मुद्रेला आडवी येते, म्हणून शेवट कसेबसे पाठीमागे नेऊन निरगाठ मारली. खरं सांगतो, काय बसलो! गुडघे ढळेनात, पाठ ढळेना. पतंजलींची दोन्ही विशेषणं पहिल्यांदाच एका जागी आली. डोळे मिटले.

बेल वाजली. "गॅऽऽस!"

"आलो!" म्हणालो आणि उठलो; म्हणजे मनाने उठलो. दोन्ही पाय माझ्या मालकीचे राहिले नव्हते आणि निरगाठ मागे होती. एका अंगावर कलंडलो, उपरणं आणखी आवळलं. "काका, परत जाऊ का?" बाहेरून आवाज. परत गेला तर पुढच्या आठवड्यापर्यंत इंडक्शन, आणि इंडक्शनवर बायकोची भाकरी नीट होत नाही, हे घरातलं सर्वात स्फोटक सत्य. मी ढुंगणावर घसरत दारापर्यंत गेलो आणि वरची कडी जळमटं काढायच्या झाडूने काढली.

सिलिंडरवाल्याने समोर पाहिलं, मग खाली. "पडला काय?"

"नाही. ध्यान करत होतो."

त्याने पाठीमागची गाठ बघितली. "आणि बांधलं कोणी?"

मी उत्तर दिलं नाही. त्याने गाठ सोडली, काखेत हात घालून उचललं आणि दारातल्याच रिकाम्या सिलिंडरच्या कड्यावर बसवलं. "बसा जरा. पाय खाली सोडा. आणि ओटीपी सांगा."

ओटीपी आतल्या खोलीत चार्जिंगला होता. "आणतो," म्हणालो, पण तेवढ्यात डाव्या पायात मुंग्या सुरू झाल्या. कंबर गुडघ्यांच्या वर, पाठ सरळ, तळवे फरशीवर, आणि अख्खं लक्ष एका पावलात. श्वास नाही, कुकर नाही, रक्तदाब नाही, ओटीपीसुद्धा नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मधे एकदा जिना चढणाऱ्या चपला कानावर आल्या, त्याही लांबूनच.

"कधीपासून असे बसलेत हे?" बायकोचा आवाज.

"आत्ताच बसवलं, ताई. ध्यान लागलंय."

"ते लागू दे," ती म्हणाली, "पण त्यांना उठवा आधी. तो सिलिंडर परत द्यायचाय ना?"